आधी वाचा, मंग घाबरा

लांजेवार काकांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मला पाठ आहे. त्यांना तो माहीत नाही. मीच टाकलाय, मीच लपवलाय, आणि वरून त्यांच्या हातचा चहा पिऊन आलेय.

ज्यांनी काकांना पाहिलं नाही त्यांना वाटेल, यात काय एवढं? आजकाल म्हाताऱ्या माणसांचं फोन, बँक, सगळं मुलंच बघतात. माझी नणंद तर म्हणाली, "वहिनी, चांगलंच केलं तुम्ही. काहून जिवाला लावून घेऊन राहिल्या?" तिला काय सांगू मी! तिने काकांना कधी कोणाच्या कॉम्प्युटरमागे उभं राहिलेलं पाहिलं नाही. मी पाहिलंय, वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून तर तोंडाला घास कडू लागतो.

इथे छत्तीसगढात, समता कॉलोनीत, आमचा डोळ्यांचा दवाखाना. मी तिथे काउंटरवर. नाव नोंदवायचं, बिल करायचं, लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. आणि काका आमचे कॉम्प्युटरवाले. बीरगांवहून जुन्या स्कूटरवर यायचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. आले की खुर्चीच्या मागे उभे राहायचे, आणि दोन्ही हात पाठीमागे. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं, जसं काही सोडलं तर तो हात पळून जाईल.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. सकाळची गर्दी, समोर हिरव्या पट्ट्या लावलेली माणसं रांगेत, आणि कॉम्प्युटरवर एक चौकोन येऊन बसला. बिल निघेना. मी घाबरून काकांना फोन लावला. भर उन्हात आले बिचारे. मी खुर्चीतून उठायला लागले तर म्हणाले, "बसा, बसा. उठता काहून?"

"काका, तुम्हीच करा न पटकन. लोक ओरडून राहिले."

"माझे हात मागं आहेत," ते म्हणाले. "स्क्रीनवर काय लिहून आहे?"

"काहीतरी एरर आहे."

"काहीतरी म्हनजे? वाचा."

मी वाचलं. इंग्रजीत होतं, अडखळत वाचलं. प्रिंटरमधला कागद संपलाय, असं लिहिलं होतं. बस्, एवढंच. रांगेतला एक म्हातारा एक डोळा झाकलेला असूनही हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग?" काका म्हणाले. "याच्यात घाबरन्यासारखं काय आहे? आधी वाचा, मंग घाबरा."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की घरात मुलीच्या पाठीमागे तेच म्हणायला लागले. गॅसचं बिल असो, शाळेचा मेसेज असो, "आधी वाच, मंग घाबर." ती म्हणायची, "मम्मी, प्लीज, अंकल मत बनो."

त्यांची आणखी एक गंमत होती. एरवी ते मला तू म्हणायचे. "शुभांगी, चहा सांग न बाप्पा." माझ्या वडिलांना ओळखायचे, दोघेही भंडाऱ्याकडचे, तेव्हा तू म्हणणारच. पण मी कॉम्प्युटरसमोर बसले की लगेच तुम्ही. "दाबा. थांबा. आता वाचा." एकदा मी विचारलं, काका, हे काय? तर म्हणाले, "मशीनवर बसला तो मालक. मालकाले तू म्हनत नाही मी." दवाखान्यातल्या आया, कंपाउंडर, सगळ्यांना हाच नियम. डॉक्टर मॅडमनाही हाच. फक्त मॅडमना ते एरवीही तुम्हीच म्हणायचे, त्यामुळे त्यांना यातलं काही कळलं नाही.

आणि पासवर्ड! बाई गं, पासवर्ड टाकायची वेळ आली की काका वळायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. डोळे गच्च मिटायचे. आणि गुणगुणायचे. कुठलं गाणं ते देवाला ठाऊक, सूर म्हणून नव्हता त्याला. आपण "झालं काका" म्हणेपर्यंत ते गुणगुणत राहायचे. काउंटरच्या त्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं आणि खाली मुंगीएवढी. ते म्हणायचे, "डोळे मिटायच्या आधी रोज दिसते न, शेवटची ओळ पाठ झाली मले. आता डॉक्टर मॅडम माझा नंबर काढूच शकत नाहीत."

मी म्हटलं, "काका, तुम्ही पाहिलं तर काय होईल? तुमच्यापासून काय लपवायचं?"

"तुझ्या कपाटाची चावी कोनाजवळ असते?"

"माझ्याजवळ."

"शेजारीन चांगली आहे न तुझी? मंग तिच्याजवळ काहून नाही ठेवत?"

 बाकी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे मी पाहिलेत. येतात, आपल्याला उठवतात, टकटक टकटक करतात, "हो गया मॅडम," आणि चालले. काय झालं होतं, काय केलं, काही सांगत नाहीत. काकांना असल्या लोकांचा भारी राग. ते येऊन गेले की काम आपल्या हातून झालेलं असायचं, घाम आपल्याला आलेला असायचा. कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ अडकली तर डबा आपल्याकडून उघडवायचे, स्क्रू आपल्या मुठीत ठेवायला लावायचे. सुरुवातीला डोकं फिरायचं माझं. एकदा डॉक्टर मॅडम ऑपरेशनला निघालेल्या, घाई, आणि पेशंटच्या डोळ्याचा एक फोटो कॉम्प्युटरमध्ये कुठे तरी गायब झालेला. काका हात मागे बांधून उभे. मॅडम चिडून म्हणाल्या, "लांजेवार जी, हम आपको काम करने के पैसे देते हैं या खड़े रहने के?"

"खड़े रहने के, मैडम," काका म्हणाले. आम्ही सगळ्या तोंडाला पदर, ओढणी, जे सापडेल ते लावून खाली बघत राहिलो. फोटो मात्र मॅडमनी स्वतःच शोधला, आणि पुढे कधी त्यासाठी काकांना बोलावलं नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी ते उरला इथल्या एका लोखंडाच्या कारखान्यात पॅनेलवर होते. भट्टीचे आकडे तेच बघायचे. मग तिथे पहिला कॉम्प्युटर आला आणि काचेच्या खोलीत ठेवला. आकडे काकांच्या पॅनेलचे, पण काचेच्या आत जायची त्यांना बंदी. एक दिवस इंजिनियर साहेब लग्नाला गेले आणि कॉम्प्युटर एक प्रश्न विचारून अडून बसला. हो म्हणायचं की नाही, एवढंच. काकांना बाहेरून काचेतून तो प्रश्न वाचता येत होता. उत्तरही माहीत होतं. पण आत कोण जाणार? साहेब येईपर्यंत सगळा कारखाना बिड्या फुंकत बसला.

"मी वाचून राहिलो होतो, शुभांगी," ते म्हणाले, "अन् बटन काचेच्या आत." एवढं सांगून स्कूटरला किक मारली आणि गेले.

तर आमच्या दवाखान्यात त्यांनी काच येऊ दिली नाही. ज्याचं काम त्याच्या हातात कॉम्प्युटर. आमची बिसाहिन दीदी औषधांचं कपाट सांभाळायची. इथलीच, छत्तीसगढी, जेमतेम शिकलेली. सगळे म्हणाले, तिला कॉम्प्युटर कशाला, नोंदी शुभांगी भरेल. काका म्हणाले, "बाटल्या कोन मोजते? मंग भरनार कोन?" तिचा कॉम्प्युटर हिंदीत करून घेतला, तिच्याकडूनच. ती एका बोटाने अक्षरं शोधायची आणि प्रत्येक अक्षर सापडलं की "हव!" म्हणायची, म्हणजे हो. पुढे तर तिने पडद्यावर नातवाचा फोटो लावला, उघडा-नागडा, कंबरेला काळा दोरा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

दर शनिवारी काकांचा एक सोहळा असायचा. प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरची नक्कल आपल्या पेनड्राईव्हवर घ्यायची आणि घरी न्यायची. माझा पेनड्राईव्ह डब्याच्या पिशवीत. बिसाहिन दीदीचा किल्ल्यांच्या जुडग्यात, काळ्या दोऱ्यात बांधलेला. काका फक्त विचारायचे, "घेतलं का?" आपण हो म्हटलं की संपलं. पेनड्राईव्ह मागून बघायचे नाहीत. मालकावर विश्वास ठेवायचा, असं त्यांचं.

आणि तिथेच घात झाला.

दसऱ्याला आम्ही दवाखान्यात हत्यारांची पूजा करायचो. मॅडमची ऑपरेशनची पेटी, नंबर काढायची मशीन, सगळं मांडायचं, फुलं वाहायची. काका म्हणाले, "अन् तुमचे कॉम्प्युटर? ते हत्यार नाहीत? पेनड्राईव्ह बी ठेवा." आम्हाला मजा वाटली. झेंडूची फुलं लावली, हळदीकुंकू लावलं, पेढे वाटले. बिसाहिन दीदीने आपल्या पेनड्राईव्हची जास्तच मनापासून पूजा केली. टोपण काढलं, देवाला घालतात तशी दुधापाण्याने आंघोळ घातली, पदराने पुसलं, त्याच्या तोंडात चिमूटभर कुंकू घातलं आणि टोपण लावलं. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मला वाटतं आम्ही हसून सोडून दिलं असतं. पुढच्या शनिवारी तिने नक्कल घेतली, पडद्यावर काहीतरी आलं, तिने ते वाचलं नाही. काकांनी विचारलं, घेतलं का? ती म्हणाली, हव.

दिवाळीच्या तोंडावर तिचा कॉम्प्युटर बसला. गेला तो गेलाच. त्यात नुसती औषधं नव्हती. कोणाच्या डोळ्यात कोणत्या नंबरची लेन्स बसवायची, तेही त्यातच होतं. आणि त्या दिवशी ऑपरेशनची माणसं येऊन बसलेली. गावाकडून आलेली, भाड्याच्या गाड्या करून. एका आजोबांच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकून झालेले, ते भिंतीला टेकून मान वर करून बसलेले. सगळ्यांची मापं पुन्हा घ्यायची म्हटल्यावर निम्म्या लोकांना परत पाठवावं लागलं. ते आजोबा मला म्हणाले, "बेटी, तो मैं आंखी खोलंव का?" डोळे उघडू का, म्हणून. मला रडूच आलं.

काका आले. बिसाहिन दीदीने जुडग्यातून पेनड्राईव्ह सोडवून दिला. तो लागेना. काकांनी टोपण काढून आत पाहिलं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचे दोन्ही हात पुढे पाहिले. शर्टाच्या टोकाने पुसून राहिले, पिनेने कुंकू खरवडून राहिले, फुंकर मारून राहिले.  दीदी म्हणत होती, "मैं तो ओला नहवाए रहेंव भैया, पूजा म नहवाए रहेंव." आंघोळच तर घातली होती मी त्याला. आणि पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती.

"बिसाहिन बाई, तुम्ही नाही," काका म्हणाले. "मी. मी पूजा करा म्हटलं, धुऊ नका नाही म्हटलं. अन् दर शनिवारी नुसतं तोंडानं विचारून राहिलो." मॅडमसमोर जाऊनही त्यांनी हेच सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

मॅडमनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. काका दाराशी उभे होते, हात पुन्हा मागे. मॅडमनी विचारलं, आता काय करायचं? एक कंपनी आहे, सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळेल, तुम्हाला कोणालाच बघावं लागणार नाही. शुभांगी, तुम क्या बोलती हो?

मी दिवसभर लोकांची बोलणी खाल्ली होती. ते आजोबा डोळ्यांसमोरून जात नव्हते. मी म्हटलं, "मॅडम, जानकार लोग ही देखें तो अच्छा है. हमसे नहीं होता."

हमसे नहीं होता. काका ज्या एका वाक्याशी जन्मभर भांडले ते मी त्यांच्यासमोर बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, राग असता तर परवडला असता. मग खाली मान घालून चपला शोधायला लागले.

कंपनीचा माणूस आला त्या दिवशी काकांना मुद्दाम बोलावलं होतं, कारभार सोपवायला. माणूस चांगला होता, अदबीने बोलणारा. म्हणाला, "अंकल जी, सारे पासवर्ड दे दीजिए."

"माझ्याजवळ एकही नाही," काका म्हणाले.

"इतने साल से आप देख रहे हैं, एक भी नहीं?"

"जिसका उसके पास है. विचारा एकेकाले."

त्याला वाटलं म्हातारा लपवतोय. मॅडमकडे बघून त्याने खांदे उडवले, आणि मॅडमनीही, मला अजून आठवतं, "लांजेवार जी, अब दे भी दीजिए," असं म्हटलं. मला तेव्हा मध्ये पडून सांगता आलं असतं की खरंच नाहीत त्यांच्याकडे. मी कागद जुळवत राहिले. शेवटी आम्ही एकेक जण त्या माणसाला आपापला पासवर्ड सांगायला लागलो, आणि काका गेले तक्त्यापाशी. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. या वेळी तोंडाने सांगत होतो ना आम्ही, म्हणून दोन्ही कानांत बोटं घातली. कंपनीचा माणूस हसला. आमच्यातलंही कोणी कोणी हसलं.

खोटं काहून बोलू, त्यानंतर दवाखान्यात काही हरवलं नाही. एकदाही नाही. कॉम्प्युटर अडला की फोन करायचा, पलीकडून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, आप कुछ मत छूना," आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागतो. लोकांना परत पाठवावं लागत नाही. ऑपरेशनं वेळेवर होतात. ही कंपनी काकांपेक्षा चांगली नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त बिसाहिन दीदीच्या पडद्यावरून नातू गेला, तिथे कंपनीचं निळं चिन्ह आलं. ती मला म्हणाली, "दीदी, मोर लइका ला वापस ला दे." माझं लेकरू परत आणून दे. मी म्हटलं, नाही येत आता, बंद आहे ते. तेव्हापासून ती अक्षर सापडलं तरी हव म्हणेना. पुढे औषधांचं मीच भरायला लागले.

काका त्यानंतर दवाखान्यात आले ते डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, पेशंट म्हणून. मधल्या काळात काकू गेल्या. मुलगी मनीषा नागपूरला. बीरगांवच्या घरात ते आणि त्यांचा कॉम्प्युटर, स्वतः जोडलेला, एका बाजूने उघडाच. मी जायची अधूनमधून. घरात पसारा, त्या कॉम्प्युटरमध्ये मात्र सगळं नीट असायचं. पण काका विसरायला लागले होते. गॅसवर दूध ठेवून बाहेर जायचे. माझ्या मुलीचं नाव दोनदा विचारायचे.

मग तो फोन आला त्यांना. तुमचा कॉम्प्युटर खराब होतोय, मी कंपनीचा इंजिनियर बोलतोय, असं. कोणी सांगितलं असतं की मी तुमच्या कॉम्प्युटरला हात लावतो, तर काकांनी फोन आपटला असता. पण तो लबाड म्हणाला, "सर, हम कुछ नहीं छुएंगे. आप ही पढ़िए, आप ही दबाइए." आणि काकांनी वाचलं. मोठ्याने वाचलं आणि त्याने सांगितलं तिथे तिथे स्वतःच्या हाताने दाबलं. खात्यातलं बरंच गेलं. मला सांगताना म्हणाले, "चांगला शिकवून राहिला होता गं. घाई नाही केली त्यानं." मी हसू की रडू!

मनीषाचा फोन आला. ती रडत होती. "ताई, मी तिकडे नाही राहू शकत, पोरांच्या शाळा आहेत. बाबांना समजावून काही होत नाही. तुम्ही असं काही करा न की त्यांना बघता येईल सगळं, पण बदलता काही येणार नाही. अन् त्यांना सांगू नका, त्यांना फार लागेल."

ते कसं करायचं, मला येत होतं. कंपनीने शिकवलं नव्हतं मला, काकांनी शिकवलं होतं. मालकाचं खातं वेगळं, पाहुण्याचं वेगळं. पाहुणा पाहू शकतो, घर हलवू शकत नाही. हे त्यांचेच शब्द.

मी गेले. काका म्हणाले, "चहा टाकतो," आणि आत गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. आतून ओरडले, "साखर किती?" मी म्हटलं, "एकच काका," आणि मालकाच्या खात्याला माझा पासवर्ड टाकला. आतून पुन्हा, "अद्रक घालू का?" मी म्हटलं, "घाला न." त्यांना पाहुणा केलं आणि उठले. कप घेऊन आले तेव्हा विचारलं, "काय करून राहिली?"

"काही नाही काका, अपडेट आहे."

चहा फर्मास झाला होता. मनीषाला मी फोनवर सांगितलं, झालं, काळजी करू नको. तिचा जीव भांड्यात पडला. माझा नाही.

त्यांची माझी शेवटची भेट झाली ती यानंतर काही आठवड्यांनी. पुढे मनीषा त्यांना नागपूरला घेऊन गेली, कॉम्प्युटर इथेच झाकून ठेवला. त्या भेटीच्या दिवशी दुपारी माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, लांजेवार अंकल का फोन है." मी घेतला.

"शुभांगी, हा ॲडमिनिस्ट्रेटर कोन आहे?"

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले.

"माझं घड्याळ मागं गेलं होतं," ते म्हणाले. "कॉम्प्युटरच्या आतलं. सेल संपला होता. मी नवा आनला, बसवला. आता टाइम लावाले गेलो तं म्हनते, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका. मी नीट वाचलं. मंग वाटलं तुले विचारावं, तुले माहीत असेल कोन आहे तो."

मी ऑटो करून गेले. रस्ताभर ठरवत होते, अपडेटच सांगायचं, कंपनीच सांगायची. टेबलावर जुना सेल, टेस्टर, पुसलेला चष्मा. पडद्यावर कोपऱ्यात कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख. काकू होत्या तेव्हाची. तारीख चुकीची म्हणून बाकीही काही उघडत नव्हतं.

"मी आहे, काका," मी म्हटलं.

"काय?"

"ॲडमिनिस्ट्रेटर. मीच आहे."

त्यांनी टेबलावरचा चष्मा लावला. "मनीषानं सांगतलं?"

"हो."

"अन् तुले पटलं?"

मला म्हणायचं होतं, नाही पटलं काका, तुमच्या मुलीचं रडणं ऐकवलं नाही. पण ते खरं नव्हतं. मला पटलं होतं. आजही कोणी विचारलं तर मी हेच करीन बहुतेक, आणि तेच तर मला खातं. मी मान हलवली.

"बरं," काका म्हणाले. थोडा वेळ सेल बोटांत फिरवत राहिले. मग खुर्ची मागे ओढली आणि तिची बैठक हाताने झटकली.

"बसा."

बसा म्हणाले मला. त्यांच्या घरात, त्यांच्या खुर्चीवर. मी म्हटलं, "काका, तू म्हणा न." त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही हात पाठीमागे नेले, डाव्याने उजवं मनगट धरलं, आणि वळून भिंतीकडे तोंड केलं. तिथे तक्ता नव्हता, काही नव्हतं, नुसता चुना. डोळे मिटले आणि गुणगुणायला लागले.

मला तोंड उघडून तो पासवर्ड सांगता आला असता. तोंडापर्यंत आला होता. मनीषाचं रडणं आठवलं, तो लबाडाचा फोन आठवला, आणि मी खाली कीबोर्डकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी, अक्षरं दिसेनात. टाकला कसातरी. ठण्ण करून आवाज आला.

गुणगुणणं थांबलं. पण वळले नाहीत.

"काय लिहून आहे? वाचा."

"पासवर्ड बरोबर नाही म्हणते, काका."

"मंग घाबरता काहून?" ते भिंतीला म्हणाले. "तुमचाच आहे न. सावकाश टाका."

आणि पुन्हा गुणगुणायला लागले.